प्रौढ विद्यार्थी वर्गात टिकतो कशामुळे?

व्यवसाय-प्रशिक्षणाच्या संस्थांमध्ये वयाने मोठ्या विद्यार्थ्यांचा विषय निघाला की "यांच्यात शिकण्याची जिद्दच नसते" हे वाक्य हमखास कानावर पडते. प्रवेशाच्या वेळी भरलेला वर्ग दिवाळीच्या सुट्टीनंतर विरळ झालेला दिसतो आणि त्याचे खापर विद्यार्थ्यांच्या इच्छाशक्तीवर फोडून मोकळे होता येते. परंतु प्रवेशाच्या टेबलापर्यंत पोहोचण्यासाठी अशा विद्यार्थ्याने किती खटपट केलेली असते, हे पाहिले की या वाक्यातला फोलपणा लक्षात येतो. अडतीस वर्षांची एखादी गृहिणी शिवणकामाच्या अभ्यासक्रमाला येते, तेव्हा तिने गावाकडच्या शाळेतून वीस वर्षांपूर्वीचा शाळा सोडल्याचा दाखला शोधून आणलेला असतो. दाखल्यावर माहेरचे आणि आधार कार्डावर सासरचे नाव असल्यामुळे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडलेली असते. फीसाठी बचतगटातून उचल घेतलेली असते. आणि दुपारच्या तीन तासांत घरी मुलांकडे कोण पाहील याची तजवीजही झालेली असते. एवढे करून आलेल्या बाईला प्रेरणा मिळावी म्हणून संस्थेने पाहुणा बोलावून भाषण ठेवावे, यात थोडा विनोदच आहे.

प्रेरणा ती घरूनच घेऊन आलेली असते. ती टिकते की झिजते, हे मात्र पुढच्या काही आठवड्यांत वर्गात, घरात आणि संस्थेच्या फीच्या खिडकीवर जे घडते त्यावर ठरते. म्हणून शिक्षकाने विचारायचा प्रश्न 'यांना प्रेरित कसे करू' हा नसून 'आणलेली प्रेरणा झिजते कुठे' हा आहे, आणि या लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

कोण असतात हे विद्यार्थी?

महाराष्ट्रात प्रौढांचे व्यवसाय-शिक्षण अनेक दारांनी चालते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, प्रवेशासाठी किमान वय चौदा वर्षांचे आहे. कमाल वयाची अट सर्वसाधारणपणे नाही. त्यामुळे नुकत्याच दहावी झालेल्या मुलाच्या शेजारी कंपनीतून कमी केलेला चाळिशीतला कामगार बसलेला दिसू शकतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची (स्थापना १९८९) अभ्यासकेंद्रे नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहेत. जन शिक्षण संस्थानांत निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा मध्येच सुटलेले लोक शिवणकाम, ब्युटी पार्लर, वायरिंग यांसारखे छोटे अभ्यासक्रम करतात. यांतले पहिले केंद्र 'श्रमिक विद्यापीठ' या नावाने १९६७ साली मुंबईत वरळीला, गिरण्यांच्या परिसरात सुरू झाले होते. याखेरीज रुग्णसेवा, टॅली, मोबाइल दुरुस्ती यांचे खासगी वर्ग तर प्रत्येक तालुक्याच्या गावी असतात.

ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रशाळा काढली, ती रात्रीचीच का होती याचे उत्तर उघड आहे: दिवसा विद्यार्थी कामावर असत. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनात विधवा आणि संसारी स्त्रिया मोठ्या वयात अक्षरओळखीपासून परिचारिकेच्या कामापर्यंत शिकल्या. या दोन्ही ठिकाणी वेळ, जागा आणि अभ्यासक्रम विद्यार्थ्याच्या जगण्याला धरून ठरवला गेला. आजच्या अनेक संस्था मात्र सकाळी अकरा ते पाचचे वेळापत्रक शाळेकडून जसेच्या तसे उचलतात आणि नंतर हजेरी कमी का, याचे आश्चर्य करतात.

मनात चाललेला हिशेब

माणूस एखाद्या अभ्यासासाठी कष्ट का घेतो आणि का सोडून देतो, याविषयी शिक्षण-मानसशास्त्रात एक उपयुक्त मांडणी आहे. अमेरिकेतील संशोधक जॅकलिन एक्ल्स आणि त्यांचे सहकारी यांनी ती १९८० च्या दशकात विकसित केली. सोप्या शब्दांत सांगायचे तर शिकणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न असतात. हे मला जमेल का? जमले तर त्याचा मला उपयोग काय? आणि त्यासाठी मला काय मोजावे लागेल? या तिन्हींची उत्तरे एकमेकांत मिसळून जे तयार होते, त्याला आपण ढोबळपणे 'इच्छा' म्हणतो.

शाळकरी मुलाला शिकण्यापायी मोजावे लागते ते बहुधा खेळाचा एखादा तास एवढेच असते. प्रौढाला मात्र दिवसाची मजुरी, ओव्हरटाइम, सासूबाईंची नाराजी, मुलाची परीक्षा, बसभाडे आणि झोप असे बरेच काही मोजावे लागते. शिवाय हा हिशेब प्रवेशाच्या दिवशी एकदाच होत नाही. दर आठवड्याला, कधी दर संध्याकाळी, तो नव्याने मांडला जातो. घरात कुणी आजारी पडले की मोल वाढते. चाचणीत चार गुण मिळाले की 'जमेल का' याचे उत्तर डळमळते. शेजारणीने तोच अभ्यासक्रम करूनही काम मिळाले नाही असे कळले की उपयोगाविषयी शंका येते. अशा एखाद्या आठवड्यात तिन्ही पारडी एकदम विरुद्ध झुकली, तर विद्यार्थी येणे बंद करतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तो अचानक गेल्यासारखा वाटतो.

शिक्षक या तिघांतल्या मधल्या प्रश्नावर सर्वाधिक बोलतात. शिक्षणाचे महत्त्व, स्वतःच्या पायावर उभे राहणे, कोण कुठून कुठे पोहोचले याच्या कहाण्या हे सारे उपयोगाविषयीचे बोलणे झाले. पण प्रौढ विद्यार्थ्याच्या मनात उपयोगाविषयीचा प्रश्न बऱ्याच अंशी आधीच सुटलेला असतो, म्हणून तर तो आला. अनुत्तरित असतात ते पहिला आणि तिसरा, आणि त्या दोन्हींवर भाषणाने फारसा परिणाम होत नाही.

'मला जमेल' हे कळते कशावरून?

स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कुठून येतो, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी केला. १९७७ मध्ये त्यांनी मांडलेल्या विचारानुसार या विश्वासाचे चार स्रोत असतात: स्वतः केलेले आणि जमलेले काम, आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला ते जमताना पाहणे, विश्वासातल्या माणसाचे शब्द, आणि त्या कामाच्या वेळी शरीराला जाणवणारी भीती किंवा निवांतपणा. यांत पहिला स्रोत सर्वांत बळकट. "तुम्हाला नक्की जमेल" हे वाक्य दहा वेळा ऐकण्यापेक्षा एक सरळ शिवण स्वतःच्या हाताने घातलेली पाहणे अधिक पटते.

म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत काय करून घेतले जाते, याला फार महत्त्व आहे. पुष्कळ अभ्यासक्रमांत हे दिवस थिअरीत जातात: यंत्राचा इतिहास, सुरक्षिततेचे नियम, अवजारांच्या याद्या. प्रौढ विद्यार्थी मोठ्या कष्टाने वेळ काढून येतो आणि वही भरून रिकाम्या हाताने घरी जातो. घरी कुणी "काय शिकलीस?" असे विचारले तर दाखवायला काही नसते. त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात साधी कापडी पिशवी शिवून घरी नेऊ दिली, किंवा वायरमनच्या वर्गात एक दिवा-एक स्विच असा जोड स्वतः करून दिवा लावू दिला, तर शिकणाऱ्याच्या हातात पुरावा पडतो आणि घरच्यांचा विरोधही थोडा मवाळ होतो. सुरक्षिततेचे नियम अर्थातच टाळायचे नाहीत, पण ज्या कामात ते लागू होतात त्या कामाच्या ओघात सांगितले तर लक्षातही राहतात.

गणिताची भीती हा 'जमेल का' या प्रश्नाचा सर्वांत सामान्य चेहरा आहे. ब्लाउजच्या कटिंगचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. छातीचे माप तेहतीस इंच आहे आणि मसुद्यासाठी, म्हणजे कापण्याआधी आखायच्या आराखड्यासाठी, त्याचा चौथा भाग हवा आहे. टेप हातात असलेली बाई क्षणभर बोटांनी टेप दुमडते आणि "सव्वाआठ" म्हणते. तीच बाई लेखी चाचणीत ३३ भागिले ४ या उदाहरणापुढे जागा कोरी सोडते आणि विचारले तर "मला गणित येतच नाही" असे सांगते. तिला भागाकार येतो, फक्त कागदावरचा भागाकार आणि टेपवरचे माप या एकाच गोष्टी आहेत, हे तिला कुणी दाखवलेले नाही. येथे शिक्षकाने फळ्यावर भागाकाराची रीत पहिल्यापासून शिकवायला घेतली, तर शाळेत ज्या ठिकाणी तिचा हात सुटला होता तिथेच तो पुन्हा सुटेल. त्याऐवजी तिच्याच तोंडचे सव्वाआठ टेपवर दाखवावे, त्याच्या बाजूला ८.२५ लिहावे, मग साडेआठ आणि पावणेनऊ तिलाच टेपवर शोधायला लावून बाजूला ८.५ आणि ८.७५ लिहायला सांगावे. पाच मिनिटांचे हे काम आहे. पण त्यानंतर दशांश चिन्ह तिला परके वाटत नाही, आणि 'मला येत नाही' या वाक्यातला एक मोठा तुकडा गळून पडतो.

प्रौढांच्या शिक्षणाचा विचार करणारे अमेरिकी अभ्यासक मॅल्कम नोल्स यांनी अनुभव हे प्रौढ विद्यार्थ्याचे सर्वांत मोठे भांडवल आहे, असे आग्रहाने सांगितले, आणि ते योग्यच आहे. मात्र या म्हणण्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. अनुभवात चुकीच्या सवयीही मुरलेल्या असतात, आणि नवशिक्याला शिकवण्यापेक्षा मुरलेली सवय मोडणे अवघड असते. दहा वर्षे हाताखाली वायरिंग केलेला एखादा कारागीर स्विच फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, वायरीऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर, घेतो. दिवा लागतो आणि विझतोही, त्यामुळे इतकी वर्षे त्याला काही चुकले असे वाटलेले नसते. परंतु स्विच बंद केला तरी होल्डरमध्ये फेज पोहोचलेलीच असते आणि दिवा बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. तरुण निदेशकाने, म्हणजे प्रात्यक्षिक शिकवणाऱ्या शिक्षकाने, भर वर्गात "हे चूक आहे, पुस्तकात बघा" असे म्हटले तर दोन गोष्टी होतात: त्या माणसाचा अपमान होतो, आणि सवय तशीच राहते. सरावाच्या बोर्डावर, देखरेखीखाली, स्विच बंद असताना होल्डरच्या टोकाला त्यालाच टेस्टर लावायला सांगितले आणि टेस्टरचा दिवा पेटलेला त्याने स्वतः पाहिला, तर पुढे काही सांगावे लागत नाही. पुराव्यापुढे माघार घेण्यात कमीपणा नसतो. वयाने लहान माणसापुढे घेण्यात मात्र तो वाटतो, आणि तसे वाटणे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे.

वाढत्या वयात स्मरणशक्ती राहत नाही, ही तक्रार वर्गात नेहमी ऐकू येते. वयानुसार नवी माहिती झटपट हाताळण्याचा वेग मंदावतो हे खरे आहे; साठलेले ज्ञान, शब्दसंपदा आणि कामातले तारतम्य यांना मात्र तशी ओहोटी लागत नाही. बऱ्याचदा अडचण स्मरणाची नसते, अभ्यासाच्या पद्धतीची असते. वही पुन्हा पुन्हा वाचणे हीच एक पद्धत शाळेने शिकवलेली असते. २००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून पाहणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवतो. वर्गात याचा उपयोग सोपा आहे. तासाच्या सुरुवातीला मागच्या तासावरचे तीन प्रश्न, वही मिटून, प्रत्येकाने स्वतःपुरते लिहायचे. गुण नाहीत, नावे पुकारणे नाही, उत्तरे एकत्र तपासायची. मात्र या प्रश्नांना गुण दिले की ते परीक्षा होतात आणि भीती परत येते.

मोल कमी करणे

तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे मोजाव्या लागणाऱ्या किमतीकडे, संस्था सर्वांत कमी लक्ष देतात. अमेरिकी शिक्षण-अभ्यासक के. पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१ मध्ये प्रौढांच्या शिक्षणातील अडथळ्यांची तीन गटांत विभागणी केली: परिस्थितीतून येणारे, संस्थेने निर्माण केलेले आणि स्वतःविषयीच्या समजुतीतून येणारे. ही विभागणी चाळीस वर्षांनंतरही कामाची आहे, कारण तिच्यामुळे कोणती गोष्ट कोणाच्या हातात आहे हे स्पष्ट होते. विद्यार्थ्याच्या घरचे आजारपण शिक्षक दूर करू शकत नाही. पण फीचा हप्ता भरण्याची खिडकी वर्गाच्याच वेळात उघडी असणे, कागदपत्रातल्या एका त्रुटीसाठी तीन खेटे घालायला लावणे, प्रात्यक्षिक बुडाले तर भरून काढण्याची सोय नसणे, हे अडथळे संस्थेने घातलेले असतात आणि तिलाच काढता येतात.

पैशाची विवंचना बुद्धीवरही भार टाकते. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोडणीनंतर हातात पैसा असताना आणि तोडणीआधी ओढग्रस्त असताना त्याच शेतकऱ्यांच्या विचारक्षमतेच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा ओढग्रस्तीच्या दिवसांतील कामगिरी कमी भरली. एका अभ्यासावर सारी इमारत उभी करू नये, हे मान्य. पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूचना नीट न ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला निष्काळजी ठरवण्याआधी हे आठवायला हरकत नाही. परीक्षेचा अर्ज, फीचा हप्ता आणि मोठी चाचणी एकाच आठवड्यात ठेवू नये, एवढे तरी यातून शिकता येते.

गैरहजेरी ही येथली कळीची जागा आहे. प्रौढ विद्यार्थी वर्ग सोडतो तो बहुधा ठरवून नव्हे. आधी एक दिवस बुडतो, कारण खरेच असते. दुसऱ्या दिवशी आल्यावर फळ्यावरचे काही कळत नाही, सर्वांसमोर विचारायची लाज वाटते. त्यात "काय, आज उगवलात का?" असा एखादा शेरा ऐकू आला, तर पुढचा दिवस टाळला जातो. चार दिवस गेले की परत जाणे हेच एक संकट होऊन बसते. म्हणजे पहिल्या दिवशी अडवणारी परिस्थिती होती. आठव्या दिवशी अडवते ती लाज. परिस्थिती केव्हाच निवळलेली असते.

या साखळीची दुसरी कडी तोडणे शिक्षकाच्या हातात असते. दुसऱ्या गैरहजेरीच्या दिवशीच फोन जावा, आणि तो हजेरीची आठवण देणारा नसावा. "ताई, दोन दिवस दिसला नाहीत म्हणून फोन केला. घरी सगळे ठीक ना? काल आपण बाहीचे कटिंग घेतले. तुमचा कागद मी बाजूला ठेवला आहे. सोमवारी अर्धा तास लवकर आलात तर करून घेऊ." या चार-पाच वाक्यांत दोष नाही, उपदेश नाही, आणि परत येण्याचा रस्ता नेमका सांगितलेला आहे: कोणत्या दिवशी, किती वाजता, काय करायचे. "काही अडचण असेल तर सांगा" एवढेच मोघम म्हटले तर बहुतेक लोक "नाही, काही नाही" असे म्हणतात आणि येत नाहीत. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर अनुपस्थितांची यादी टाकणे तर टाळावेच. तिथे नणंदेची मैत्रीणही असते.

प्रत्येक विद्यार्थ्याचा एक जोडीदार ठरवून देण्याची पद्धतही चांगली चालते. ज्या दिवशी एक येत नाही, त्या दिवशी दुसऱ्याने वहीच्या पानांचे फोटो आणि दोन मिनिटांचा बोललेला निरोप पाठवायचा. जोड्या लावताना वय मिसळावे. अठरा वर्षांच्या मुलीला मोबाइलवर अर्ज भरता येतो, चाळिशीतल्या बाईला गिऱ्हाइकाशी भाव कसा करायचा हे माहीत असते. दोघींनाही दुसरीकडून काही घेण्यासारखे असते, म्हणून उपकाराची भावना राहत नाही.

एकेक सुटा उपाय पुरतो का, याचे उत्तर न्यूयॉर्कच्या एका प्रयोगातून मिळते. तेथील सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत 'एसॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात शिष्यवृत्ती भागवून उरलेली फी भरली जाई, पुस्तके मिळत, भुयारी रेल्वे आणि बसचा पास मिळे, एकमेकांना सोयीचे तास लावले जात, आणि एका सल्लागाराकडे शेकडो नव्हे तर मोजकेच विद्यार्थी असत, ज्यांना तो वरचेवर भेटे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून कमी उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांचे दोन गट पाडण्यात आले. तीन वर्षांनंतर नेहमीच्या गटातील २२ टक्के विद्यार्थ्यांनी पदवी पूर्ण केली होती, कार्यक्रमातील गटात हे प्रमाण ४० टक्के होते. शिक्षणाच्या क्षेत्रात इतका मोठा फरक क्वचित दिसतो. ओहायो राज्यात तोच नमुना राबवला, तेव्हा तिथेही ठळक सुधारणा झाली. या यादीत प्रेरणादायी व्याख्यान कुठेही नाही, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. बसचा पास आहे.

आपल्याकडच्या छोट्या संस्थेला एवढा खर्च झेपणार नाही, हे उघड आहे. तरीही त्यातला विचार घेता येतो: अडथळे एकेकटे येत नाहीत, त्यामुळे आधारही एकत्र द्यावा लागतो. फी हप्त्यांत घेणे, बचतगटाच्या बैठकीच्या आणि आठवडी बाजाराच्या दिवशी मोठे प्रात्यक्षिक न ठेवणे, सुगीच्या दिवसांत वेळ बदलणे, लहान मुलांना शेजारच्या खोलीत बसू देणे, यांतल्या बऱ्याच गोष्टींना पैसा कमी आणि विचार जास्त लागतो.

मान आणि माणसे

वयाने मोठ्या विद्यार्थ्याला वर्गात कोणत्या सुरात हाक मारली जाते, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. आपल्याकडे निदेशक अनेकदा पंचविशीतला असतो आणि समोर त्याच्या काकांच्या वयाचा माणूस बसलेला असतो. अठरा वर्षांच्या मुलांना 'तू' म्हणण्याची सवय झालेली जीभ त्याच ओघात त्यांनाही 'तू' म्हणून जाते, आणि तो माणूस काही बोलत नाही, पण त्याच्या मनात ते राहते. साधा उपाय असा की संपूर्ण वर्गाला, लहानांनाही, 'तुम्ही' म्हणावे. त्याने लहानांचे काही बिघडत नाही. उत्तर चुकले तर सर्वांसमोर "कोण सांगेल बरोबर उत्तर?" असे विचारून दुसऱ्या कुणाकडून ते वदवून घेण्याची शाळेतली पद्धतही येथे अंगाशी येते. 'तुम्ही इथपर्यंत कसे आलात ते सांगा' असे विचारले की चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली ते कळते, आणि तोपर्यंतच्या बरोबर पायऱ्यांची दखलही घेतली जाते.

शाबासकीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. प्रौढांना पोकळ कौतुक लगेच ओळखू येते. वाकडी शिवण दाखवल्यावर "वा, छान!" असे ऐकले की आपल्याकडून फारशी अपेक्षाच नाही, असा त्याचा अर्थ ते लावतात. "सुरुवातीचे चार इंच सरळ आहेत, वळणावर कापड ओढले गेले, तिथे पायडल हळू करा" हे बोलणे कौतुकासारखे वाटत नाही, पण त्यात काय साधले आणि काय करायचे हे दोन्ही आहे.

घरच्या माणसांना वर्गात बोलावण्याचा विचार फार थोड्या संस्था करतात. शिकणाऱ्या बाईला मोजावे लागणारे मोल ज्यांच्या वागण्याने वाढते किंवा घटते, ती नवरा, सासू, मोठी मुलगी ही माणसे संस्थेला कधीच भेटलेली नसतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखाद्या रविवारी शिवलेल्या वस्तूंची छोटी मांडामांड करून त्यांना चहाला बोलावले, तर पुढच्या सहा महिन्यांतल्या काही भांडणांची धार कमी होते. हा ठोकळेबाज उपाय नव्हे. काही घरांतून कुणी येणार नाही, आणि काही घरांचा विरोध एवढ्याने जाणारही नाही. घरी मारहाण किंवा गंभीर त्रास असल्याचे कळले तर शिक्षकाने स्वतः मध्यस्थी करू नये. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन किंवा जवळचे समुपदेशन केंद्र यांची माहिती शांतपणे, एकांतात द्यावी.

नोकरीविषयी खरे बोलणे

उपयोगाचा प्रश्न प्रौढाच्या मनात सुटलेला असतो असे वर म्हटले. तो पुन्हा उघडतो तो खोट्या आश्वासनांमुळे. 'शंभर टक्के नोकरीची हमी' अशा फलकांनी प्रवेश वाढतात, पण पहिल्या तुकडीचा अनुभव गावात पसरला की दुसऱ्या तुकडीची पावले जड होतात. ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली तर काय होते, ते अमेरिकेत दिसले. तेथे 'करिअर कॉलेज' नावाने ओळखल्या जाणाऱ्या खासगी संस्था प्रामुख्याने नोकरदार, एकट्या पालक आणि उशिरा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना दवाखान्यातील सहायक, मेकॅनिक अशा कामांसाठी तयार करतात. त्यांतील अनेक संस्था प्रामाणिकपणे चालतात. पण कोरिंथियन कॉलेजेस ही मोठी साखळी, नोकऱ्या मिळाल्याचे आकडे फुगवल्याबद्दल सरकारी दंड झाल्यानंतर, २०१५ मध्ये बंद पडली. हजारो विद्यार्थी शैक्षणिक कर्जासह रस्त्यावर आले. अखेर २०२२ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण विभागाने तिच्या सुमारे ५ लाख ६० हजार माजी विद्यार्थ्यांची ५.८ अब्ज डॉलरची कर्जे माफ करण्याची घोषणा केली. गेलेली वर्षे मात्र कुणी परत केली नाहीत.

वर्गातल्या शिक्षकाने म्हणून आकडे खरे सांगावेत: मागच्या तुकडीतल्या किती जणांना काम मिळाले, कुठे मिळाले, सुरुवातीचा पगार काय होता, आणि किती जण अजून शोधत आहेत. मागच्या तुकडीतल्या एखाद्या विद्यार्थिनीला तासभर बोलवावे; पण सर्वांत यशस्वी झालेलीला नव्हे, तर जिचे जेमतेम बस्तान बसते आहे अशीला. बँडुरांनी सांगितलेला दुसरा स्रोत येथे कामी येतो. आपल्यासारख्याच माणसाला जमताना पाहिले तर विश्वास वाढतो, आणि फार पुढे गेलेला माणूस आपल्यासारखा वाटत नाही. पहिले गिऱ्हाईक कसे मिळाले, पिको-फॉलचा दर काय लावला, उधारी कशी वसूल केली, हे तिच्या तोंडून ऐकणे वर्गाला कुठल्याही घोषवाक्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

हे सारे कोणी करायचे, हा प्रश्न उरतोच. तासिका तत्त्वावर नेमलेल्या, ज्याचे मानधन महिनोन्महिने थकलेले असते अशा निदेशकाकडून रोज संध्याकाळी चार फोन करण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. फोन करणे, जोड्या लावणे, बुडालेली प्रात्यक्षिके घेणे हे काम वेळापत्रकात दाखवले जावे आणि त्याचे पैसे मिळावेत. भल्या शिक्षकाच्या खासगी चांगुलपणावर ते सोपवले, तर तो थकला की व्यवस्थाही थांबते.

आणि एवढे करूनही काही विद्यार्थी जातील. त्यांच्यासाठी परतीची वाट आधीच आखून ठेवावी लागते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण तोवर टिकून राहतात. एखादे वर्ष बाळंतपणात किंवा आजारपणात गेले तरी सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही. छोट्या संस्थेलाही आपल्यापुरते असे करता येते. कोणत्या विद्यार्थ्याने कोणती प्रात्यक्षिके पूर्ण केली याची नोंद सहीनिशी ठेवायची, तिची प्रत जाताना त्याच्या हातात द्यायची, आणि पुढची तुकडी सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी त्याला फोन करून सांगायचे की तुमची पहिली अकरा कामे झालेली आहेत, बाराव्यापासून बसा, आणि भरलेली फी यात धरली आहे.